पायातला जोडा कोणत्या मुलुखातला?

जगात आज वर्षाकाठी २,२०० कोटींहून अधिक जोड पादत्राणे तयार होतात. त्यांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या चीनमध्ये, आणि त्याच्या खालोखाल भारतात. अशा या विराट व्यापारात, जेथे एकाच बुटाचा तळ एका देशातून येतो, वरचे कापड दुसऱ्यातून येते, शिवण तिसऱ्यात होते आणि त्यावरचा शिक्का चौथ्याच देशातील पेढीचा असतो, तेथे ‘मी देशात झालेलाच जोडा घालीन’ असा निर्धार करणाऱ्या मनुष्याने नेमके काय करायचे ठरविले आहे, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. कोल्हापुरातील माझ्या दोन स्नेह्यांमध्ये या विषयावर जो वाद झाला, तो बहुतेक त्यांच्याच शब्दांत येथे मांडीत आहे. एक नाना, उभी हयात दिवाणी न्यायालयात वकिली केलेले, स्वदेशीच्या व्रतात वाढलेल्या घरातले. दुसरे अर्थशास्त्राचे प्राध्यापक, नानांहून वयाने बरेच लहान. त्यांचे वडील आणि आजोबा पायताणे शिवीत असत आणि त्यांची थोरली बहीण अजूनही त्या कामात आहे. माझा कल नानांकडे आहे, हे आरंभीच सांगून ठेवलेले बरे.

विषयाला तोंड नानांनीच फोडले. “न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले,” ते म्हणाले, “त्यात उष्ण प्रदेशांनी कच्चा माल पिकवावा आणि शीत प्रदेशांनी त्याचा पक्का माल करावा, ही वाटणी निसर्गानेच नेमून दिलेली आहे, या समजुतीवर त्यांनी घाव घातला होता. कातड्याच्या व्यापारात ती वाटणी आपल्या देशाने पुरेपूर भोगली: आपल्या जनावरांची कातडी मद्रासेकडे अर्धीमुर्धी कमावली जात, जहाजांत भरून विलायतेस जात, आणि विलायती बूट आपल्या बाजारात येत. स्वातंत्र्यानंतर, सत्तरीच्या दशकात, सरकारने कच्च्या कातड्याची निर्यात रोखली, तेव्हा कोठे आंबूर, आग्रा, कानपूर ही गावे तयार मालासाठी जगाच्या बाजारात नावारूपास आली. सार्वजनिक काका १८७७ च्या दिल्ली दरबारास खादीचा वेष करून गेले, ही कथा आमच्या घरी मुलांना पाढ्यांबरोबर शिकवीत. इतक्या कष्टांनी जो उद्योग या भूमीत रुजला, त्याचा माल मी घ्यायचा नाही, तर कोणी घ्यायचा?”

“रानड्यांशी माझे भांडण नाही,” प्राध्यापक म्हणाले. “परंतु रानडे सरकारजवळ आणि भांडवलवाल्यांजवळ कारखाने मागत होते, तुम्ही गिऱ्हाइकाजवळ व्रत मागता, आणि त्या व्रताचा विषय कोणता, हेच मुळी निश्चित नाही. युरोपातल्या झ्लिन गावी १८९४ साली बाटा कुटुंबाने काढलेली पेढी १९३१ साली बंगालमध्ये कोन्नगर येथे आली, पुढे तिचे बाटानगर वसले, आणि आज आपल्याकडील कित्येक माणसे बाटा हे नाव आपल्याच कोणा व्यापाऱ्याचे समजतात. हात आपले, गिऱ्हाईक आपले, मालक युरोपातला: तो जोडा तुमच्या व्रतात बसतो की नाही? तामिळनाडूत चेय्यारला तैवानच्या एका कंपनीचे प्रचंड कारखाने आहेत. तेथे हजारो मुली अमेरिकन शिक्क्याचे बूट शिवतात आणि ते बूट परदेशी रवाना होतात. उलट आपल्याच बाजारात अस्सल देशी नावाचे असे बूट मिळतात की ज्यांचा तळ आणि वरचे कृत्रिम कापड चीनहून आलेले असते आणि येथे केवळ जोडणी झालेली असते. यांत स्वदेशी कोण आणि परदेशी कोण, याचा निवाडा द्या.”

“मालकाचे जन्मगाव मी विचारीत नाही,” नाना म्हणाले. “काम कोठे झाले, एवढेच विचारतो, आणि जितके काम येथे झाले तितका तो जोडा माझा. चेय्यारच्या मुलीने शिवलेला बूट मी आनंदाने घेईन.”

“मग त्या मुलीच्या हाती ते काम यायला इतकी वर्षे का लागली, तेही सांगा. कातडी जोड्यांचे उत्पादन आपण लघुउद्योगांसाठी राखून ठेवले होते. हेतू माझ्या वडिलांसारख्यांना आसरा देण्याचा. राखीव यादीतून ते काढले गेले २००१ साली. तोपर्यंत लहान कारखान्याला मोठे होण्याची वाट बंद होती, आणि त्याच काळात व्हिएतनामने मोठमोठे कारखाने उभारले. आज पादत्राणांच्या निर्यातीत तो देश चीनच्या खालोखाल आहे. राखीव कुंपणाच्या आत माझ्या वडिलांना काय लाभले? व्यापारी तोच राहिला, उचल तीच राहिली, आणि हिशेबाची वहीही त्याच्याच हातात राहिली. २०२० साली पादत्राणांवरील आयात-जकात शेकडा २५ वरून ३५ झाली, तेव्हाही शिवणाऱ्याची मजुरी कोणी वाढवून दिली नाही.”

प्राध्यापक क्षणभर थांबले आणि पुढे जे बोलले ते मी त्यांच्या तोंडून पूर्वी कधी ऐकले नव्हते. “आमच्या घरात दिवस उगवल्यापासून पायताणे शिवली जात, पण आई उसाच्या फडात अनवाणी जाई, कारण तयार झालेला प्रत्येक जोड दुकानदाराच्या उचलीपोटी आधीच गहाण पडलेला असे. तिच्या पायाला पहिल्यांदा जे मिळाले ते रबराच्या सपातांचे जोड, साच्यातून हजारोंनी निघालेले, अतिशय स्वस्त. ते कोणत्या देशात झाले, हे तिने विचारले नाही, आणि तिने विचारायला हवे होते असे मला आजही वाटत नाही. अनवाणी पायांच्या कातडीतून अंकुशकृमी शरीरात शिरतात आणि माणसाचे रक्त शोषतात, हे कोणताही डॉक्टर सांगेल. खेड्यापाड्यांतले असंख्य पाय त्या रबराने झाकले गेले. तुमच्या व्रताने ते काम कधीही झाले नसते.”

देशी मालाचा कैवार घेणारे पुष्कळ लेखन मी वाचले आहे, आणि या एका मुद्द्याला बगल दिल्यामुळे त्यातील बहुतेक मला अपुरे वाटले आहे. ज्याची ऐपत जोड्याच्या किमतीपाशीच संपते, त्याला मुलुखाचा प्रश्न विचारणे हे निर्दयपणाचे आहे. नानांनीही ते तत्काळ मान्य केले.

“तुमच्या आईने केले तेच योग्य,” ते म्हणाले. “मी बोलतो ते ज्याला दोन जोडांतून एकाची निवड करता येते त्याच्याविषयी, म्हणजे माझ्याविषयी आणि आज तुमच्याविषयीही. माझ्या म्हणण्याच्या मुळाशी देशाभिमान आहेच, मी तो लपवीत नाही. परंतु त्याच्याही खाली एक वकिलाचे कारण आहे. जो जोडा दूरच्या मुलुखात होतो, त्याच्या कामगाराची मजुरी बुडाली, त्याच्या कारखान्यास आग लागून माणसे दगावली, त्याच्या सांडपाण्याने कोणाची विहीर नासली, तर ती फिर्याद ऐकण्याचा अधिकार माझ्या न्यायालयाला नाही आणि माझ्या मताने निवडून गेलेल्या विधिमंडळालाही नाही. मी पैसे मोजतो आणि तेथे माझा संबंध तुटतो. येथे झालेल्या जोड्याशी तो तुटत नाही. वेल्लोर भागातील चर्मालयांचे सांडपाणी पालार नदीत आणि शेतांत शिरू लागले, तेव्हा तेथल्या नागरिकांची संस्था सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९९६ साली न्यायालयाने प्रत्येक चर्मालयास दहा हजार रुपये दंड केला, शुद्धीकरणाची यंत्रणा बसविण्याचा हुकूम दिला, आणि जो प्रदूषण करील त्यानेच त्याची भरपाई करावी, हे तत्त्व या देशाच्या कायद्याचा भाग असल्याचे घोषित केले. आंबुरात झालेला बूट घालणारा मनुष्य त्या हुकुमाच्या अंमलात राहतो. परदेशातल्या कुठल्याशा नदीविषयी मला काय करता येणार?”

“दाद मागता येते, म्हणजे दाद लागते असे नाही,” प्राध्यापक म्हणाले. “त्या निकालाला पाव शतक उलटून गेले, पालार निर्मळ झाली आहे काय? कानपूरच्या चर्मालयांविषयी तर १९८७ सालीच सर्वोच्च न्यायालयाने हुकूम दिले होते, आणि गंगेचे पाणी आपण सारे पाहतोच. श्रीमंत देशांना क्रोमने होणारी कातड्याची कमाई स्वतःच्या नद्यांतून नकोशी झाली, ती त्यांनी आपल्याकडे ढकलली, आणि आपण तिला निर्यातवाढ म्हणून ओवाळले. देशात काम होते, याचा अर्थ त्या कामाची घाणही देशातच राहते, ही बाब तुमच्या स्वदेशीच्या जमाखर्चात कोठे मांडलेली असते?”

“खर्चाच्या बाजूला,” नाना म्हणाले, “आणि ती मांडता येते, कारण वही आपल्या दफ्तरात आहे. अंमलबजावणी ढिली आहे, तर ती कडक करण्याचा हट्ट धरावा लागेल. तो हट्ट धरण्याचा हक्क मला जेथे आहे, तेथेच माझा पैसा जावा, इतकेच माझे म्हणणे.”

येथवर आल्यावर बोलणे आमच्या गावच्या चपलेकडे वळले नसते, तरच नवल. ज्यांनी ती केवळ दुकानात टांगलेली पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो, कारण या वस्तूत माणसाचे किती श्रम मुरलेले असतात, हे ती पायात घालणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते. चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढलेले कातडे जुन्या रीतीने पिशवीसारखे शिवून टांगीत, आणि त्यात बाभळीची साल व हिरडा यांचे पाणी भरून ते कित्येक दिवस मुरू देत. क्रोमचा स्पर्श नसलेले ते कातडे घट्ट, पिवळसर, घाम शोषणारे होते आणि वापरता वापरता पायाचा आकार घेते. मग रापीने तळ कापायचा, आरीने भोके पाडायची, थरावर थर ठेवून कुटायचे, आणि कातड्याच्याच बारीक वाद्यांनी ते शिवायचे. अस्सल चपलेत खिळा नसतो. कान, अंगठा, पट्टा आणि पट्ट्यावरची वेणी, यांतले वेणीचे आणि नक्षीचे नाजूक काम बहुतेक घरातल्या स्त्रिया करतात. कापशी, पुकारी, बक्कलनाळी, कच्छकडी अशी तिच्या घाटांची नावे आहेत. तळ झिजला तर कोपऱ्यावरचा चर्मकार दुसरा लावून देतो. फेसाळ तळाचे, डिंकाने चिकटविलेले आजचे बूट एकदा उकलले की त्यांना टाकून देण्यावाचून गत्यंतर नसते. माझा नानांकडे जो कल आहे, तो पुष्कळसा या दुरुस्तीपायी आहे. जी वस्तू दुरुस्त होते तिच्या निमित्ताने कारागिराची आणि वापरणाऱ्याची पुन्हा गाठ पडते, आणि आपण वर्षभरात ती वस्तू कशी वापरली, तिने आपल्याला कसे चालविले, हे दोघांनाही कळते.

भौगोलिक मानांकनाने ही चप्पल आठ जिल्ह्यांची ठरविली आहे: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे महाराष्ट्रातले चार आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकातले चार. नावात कोल्हापूर असले तरी अथणी आणि निपाणीकडच्या हातांचा तिच्यात मोठा वाटा आहे. २०१५ साली महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवर बंदी आल्यापासून स्थानिक कातड्याची तूट पडली आणि आता पुष्कळसे कातडे तामिळनाडूकडून मागवावे लागते. म्हणजे आमची ही अस्सल चप्पलही आता सर्वांशाने एका गावची राहिलेली नाही.

नानांनी प्राडाचे प्रकरण काढले. जून २०२५ मध्ये मिलान येथील प्रदर्शनात त्या इटालियन पेढीने कोल्हापुरीच्या घाटाची चप्पल मूळ गावाचा उल्लेख न करता पुढे आणली, येथे संताप उसळला, पेढीने ऋण मान्य केले, आणि वर्ष संपण्यापूर्वी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला: २,००० जोड येथल्या कारागिरांनी करायचे आणि सुमारे ८०० युरो किमतीला ते जगभर विकायचे. “जे हात इतकी वर्षे दुर्लक्षित राहिले त्यांची जगाला दखल घ्यावी लागली,” नाना म्हणाले. “आपला आवाज उठला नसता तर हे झाले असते काय?”

“आवाज उठला हे चांगलेच झाले,” प्राध्यापक म्हणाले. “परंतु तो कोणी उठविला, हेही पाहा. मिलानच्या किमतीचा आकडा ऐकून ज्यांचे रक्त तापले, तीच माणसे येथल्या चपलांच्या बाजारात, चप्पल लाईनीत, जाऊन हजार-बाराशेच्या जोडावर दोनशे रुपयांची घासाघीस करतात, आणि पटले नाही तर शेजारच्या दुकानातला रेक्झिनचा जोड कोल्हापुरी म्हणून घेऊन जातात. मानांकनाचा कायदा आपल्या देशापुरता. तो इटलीला बांधीत नाही, आणि येथल्या नकलेवर त्याचा बडगा फारसा चालविला जात नाही. आता मूळ गोष्ट सांगतो. ढोर समाजाने कातडे कमवायचे, चर्मकारांनी ते शिवायचे, दोघांनीही गावाच्या कडेला राहायचे, आणि सुगीत जे बलुते पडेल ते ओंजळीत घ्यायचे. त्या काळी गावातला एकूण एक जोडा स्वदेशी होता, नाना. करणारा हाकेच्या अंतरावर होता. पाटलाची चावडी होती, पंच होते, तुमच्या म्हणण्याप्रमाणे सारे काही आपल्या हद्दीतच होते. त्या माणसाची दाद कोणी ऐकली? जवळ असण्याने जर न्याय मिळत असता, तर माझ्या आजोबांना तो सर्वांत आधी मिळायला हवा होता.”

नानांच्या युक्तिवादावरील याहून जबर आघात मला सुचत नाही, आणि ते उत्तर देऊ शकतील असे मला त्या वेळी वाटले नव्हते. ते बराच वेळ गप्प राहिले. नंतर अगदी सावकाश बोलू लागले.

“नाही मिळाला. त्यावर माझ्याजवळ बचाव नाही. परंतु १९१८ साली शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात बलुतेदारी मोडली. ज्या कामासाठी तुमच्या पूर्वजांना ओंजळ पसरावी लागत होती, त्या कामाचा रोख मोबदला मागण्याची मोकळीक त्यांना त्या हुकुमाने मिळाली. तो हुकूम महाराज काढू शकले, कारण तो अन्याय त्यांच्या हद्दीत चालला होता. नॉर्थहॅम्प्टनच्या बुटांच्या कारखान्यातला मजूर कितीही नाडला गेला असता, तरी त्याच्यासाठी कोल्हापूरच्या दरबारातून कागद निघू शकला नसता. जवळ असल्याने न्याय मिळत नाही, हे तुमचे म्हणणे मी स्वीकारतो. जवळ असल्याने अन्यायाची जबाबदारी मात्र झटकता येत नाही. आमच्या पिढ्यांनी ती झटकली, म्हणून ती नाहीशी झाली नाही.”

प्राध्यापकांनी हे उत्तर नाकारले नाही. “मग तुमची खरेदी ही त्या जबाबदारीची पहिली पायरी झाली,” ते म्हणाले, “आणि तुम्ही आजवर पहिल्या पायरीवरच उभे राहिला आहात. तुम्ही दुकानदाराला विचारता, जोड येथला आहे काय. शिवणाऱ्याला किती दिले, हे विचारीत नाही. कातडे कोणी कमावले, वेणी कोणी घातली, हे विचारीत नाही. विचारले असते तर दुकानदाराला उत्तर ठेवावे लागले असते.”

मला स्वतःला वाटते की या ठिकाणी दोघांचे भांडण खऱ्या अर्थाने मिटण्याजोगे झाले होते, कारण दोघेही एकाच माणसाविषयी बोलू लागले होते. देशी जोडा घेणाऱ्याने किंमत पाडून मागू नये, कारागिराचे नाव आणि मजुरी विचारावी, आणि शक्य तेथे त्याच्याच हातून घ्यावा, एवढे केले तर त्याच्या निर्धाराला अर्थ येतो. एरवी परदेशी व्यापाऱ्याऐवजी देशी व्यापाऱ्याचा गल्ला भरतो. परंतु नानांचा पिंड वकिलाचा, आणि केवळ चांगल्या सवयींवर त्यांचा विश्वास नाही.

“मानांकनाचा जो १९९९ चा कायदा आहे,” ते म्हणाले, “त्यात मालकीची नोंद महामंडळांच्या नावे असली, तरी प्रत्यक्ष माल करणाऱ्यास अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंद करून घेता येते. ‘उत्पादक’ या शब्दाची व्याख्या तेथे दिलेली आहे. हस्तव्यवसायाची वस्तू जी व्यक्ती बनविते, ती उत्पादक. आणि पुढे असेही म्हटले आहे की त्या वस्तूचा जो व्यापार करतो, त्याचाही समावेश उत्पादकात होतो.”

“म्हणजे दुकानदार कायद्याने उत्पादक ठरतो,” प्राध्यापक म्हणाले. “आणि माझी बहीण? पोरवयापासून ती वेण्या घालते. तिने उभ्या आयुष्यात एकही जोड विकलेला नाही, कारण विकणे हे घरातल्या पुरुषांचे काम.”

“बनविणाऱ्या व्यक्तीत ती येते. पुरुष असावा, विकणारा असावा, दुकान असावे, असे कोणतेही बंधन मला त्या व्याख्येत दिसत नाही.”

“मग तिचा अर्ज तुम्ही लिहा, नाना. वकील तुम्ही आहात, आणि व्रतही तुमचेच आहे.”

“लिहितो,” नाना म्हणाले आणि त्यांनी कागद पुढे ओढला. “गाव आठ जिल्ह्यांपैकी कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या घाटाचे काम, जोडामागे मजुरी किती आणि ती कोणाच्या हातात पडते, एवढे लिहून आणा. सही मात्र तिची लागेल. तुमच्या वडिलांची किंवा भावाची मी घेणार नाही.”

“जोडामागच्या मजुरीचा आकडा अर्जात लागतो काय?”

“अर्जात नाही लागत,” नाना म्हणाले. “तो मला हवा आहे. पुढचा जोड घ्यायला गेलो की तो मी दुकानदाराला विचारणार आहे, आणि त्याने सांगितलेला आकडा तुमच्या बहिणीच्या आकड्याशी ताडून पाहणार आहे.”